गाडी आपल्या हातात राहावी म्हणून

परदेशात पाऊल ठेवल्यानंतर आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांची पहिली मोठी खरेदी असते ती जुन्या मोटारगाडीची. डब्लिनमध्ये राहणाऱ्यांना बस, लुआस आणि रेल्वे यांच्या आधाराने काही वर्षे काढता येतात. परंतु मेयो परगण्यातील कासलबारसारख्या ठिकाणी, त्यातही गावाबाहेर घर घेतले असल्यास, गाडीवाचून नोकरी, शाळा आणि दवाखाना यांपैकी काहीच गाठता येत नाही. गाडी घेताना आपण तिचे वय पाहतो, किती किलोमीटर धावली ते पाहतो, विम्याचा हप्ता पाहतो. ती वळणावर कशी वागते, हे मात्र कोणी पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते.

माझी पत्नी येथील रुग्णालयात परिचारिका आहे. आमचे भाड्याचे घर गावाच्या उत्तरेस, बेलाकोरिककडे जाणाऱ्या आर ३१२ या रस्त्याच्या बाजूला आहे. नोव्हेंबर महिन्यात एका सकाळी रात्रपाळी आटोपून परतताना एका उताराच्या वळणावर तिची गाडी डावीकडे सरकली आणि डावीकडील दोन्ही चाके कडेच्या चरात गेली. सुदैवाने समोरून कोणी येत नव्हते आणि तिला खरचटलेदेखील नाही. शेजारच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, “अहो, मी स्टिअरिंग फिरवलं, पण गाडी क्षणभर माझं ऐकेचना.”

हे वाक्य मला लागले, याचे कारण ते तिने पहिल्यांदा उच्चारलेले नव्हते. दोन महिने ती मला सांगत होती की गाडी ‘तरंगते’. मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला माणूस. मी तिला उत्तर दिले होते की झोप अपुरी झाली की असे वाटते. शिवाय सात महिन्यांपूर्वीच गाडी राष्ट्रीय वाहन चाचणीत, म्हणजे एनसीटीत, उत्तीर्ण झाली होती. चाचणीचे प्रमाणपत्र हे त्या दिवसापुरते असते, पुढच्या हिवाळ्याची ती हमी नव्हे, हे मला कळायला हवे होते. चालवणाऱ्याच्या तळहातांना जे कळते त्यावर मी विश्वास ठेवला नाही. हा लेख त्या चुकीची भरपाई म्हणून लिहीत आहे. तो आपल्या इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावा, एवढाच हेतू.

प्रथम येथील रस्त्याची जात समजून घेतली पाहिजे. आयर्लंडच्या भूभागाचा सुमारे सहावा हिस्सा मुळात पीटभूमीचा. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी, ओली माती. तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. जुने ग्रामीण रस्ते अशा जमिनीवर जणू तरंगत ठेवलेले आहेत. जड वाहनांच्या भाराने ते सर्वत्र सारखे खचत नाहीत. कोठे खोलगट होतात, कोठे उंच राहतात. आपल्याकडील विदर्भ-मराठवाड्याच्या रस्त्यावरील खड्डा डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण वेग कमी करतो. येथे डांबर गुळगुळीत असते, खड्डा नसतो. असते ती लांबलचक लाट, आणि ती दिसत नाही.

या लाटेचा गाडीवर काय परिणाम होतो? प्रत्येक गाडीचे धड तिच्या स्प्रिंगांवर ठरावीक लयीत डोलते. सामान्य मोटारीत ही लय सेकंदाला एक ते दीड झोका इतकी असते. समजा, रस्त्यावरील दोन लाटांमध्ये अठरा मीटर अंतर आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे बावीस मीटर जाते, म्हणजे तिला सेकंदाला साधारण सव्वा धक्का बसतो. रस्त्याची लय आणि गाडीची लय एक झाली, की पाळण्याला योग्य वेळी दिलेल्या झोक्याप्रमाणे डोलणे वाढत जाते. धड वर उचलले गेले की पुढच्या चाकांवरील भार घटतो, आणि नेमके त्याच क्षणी वळण आले तर फिरवलेली चाके रस्ता धरत नाहीत. तोच वेग ६० वर आणला तर धक्क्यांची संख्या सेकंदाला एकाखाली येते आणि लय तुटते. ७ फेब्रुवारी २०२५ पासून आयर्लंडमधील ग्रामीण स्थानिक रस्त्यांची सर्वसाधारण वेगमर्यादा ८० वरून ६० करण्यात आली आहे. आर ३१२ सारख्या प्रादेशिक रस्त्यांवर फलकावरील मर्यादा अधिक असली, तरी ती आपल्याला गाठावयाची आहे असा तिचा अर्थ नाही.

हे डोलणे शमवणे हे शॉक ॲब्सॉर्बरचे, आपल्या गॅरेजच्या भाषेत शॉकअपचे, काम. स्प्रिंग भार पेलते. शॉकअप स्प्रिंगची हालचाल आतील तेलाच्या घर्षणाने जिरवतो. तो निकामी झाला तरी गाडी चालते, बसल्यावर मऊही वाटते, आणि म्हणूनच फसगत होते. आमच्या गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप गळून कोरडे झाले होते.

आता मी कोठे चुकलो ते सांगतो. गाडी सरळ चालत नाही म्हटल्यावर मी एकाच गोष्टीचा विचार केला, व्हील अलाइनमेंट. एका गॅरेजमध्ये ते करून घेतले. तीन आठवड्यांत गाडी पुन्हा भरकटू लागली, म्हणून पुन्हा करून घेतले. दोन्ही वेळा पैसे गेले. पुढच्या डाव्या चाकाच्या टाय रॉडचे टोक ढिले आहे, हे कोणी पाहिले नाही, आणि मीही ‘आधी सांधे पाहा’ असे म्हटले नाही. सांधा ढिला असताना चाकांचे कोन जुळवणे म्हणजे हलत्या खुंटीला दोरी बांधून माप घेण्यासारखे आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा: स्वस्त आणि सोपे ते आधी, अलाइनमेंट सर्वांत शेवटी.

पहिली तपासणी टायरची. हवा गाडी थंड असताना मोजावी. योग्य दाब टायरवर छापलेला नसतो. तेथे असते ती कमाल मर्यादा. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो, आणि पूर्ण भारासाठी मागच्या चाकांचा वेगळा आकडाही तेथेच असतो. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की दाब सुमारे एक पीएसआयने घटतो. म्हणजे ऑगस्टमध्ये भरलेली हवा डिसेंबरमध्ये पुरत नाही. टायरच्या खाचांची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी; पण येथील पावसात तीन मिलिमीटरवर आले की टायर बदललेले बरे. टायर कोठे झिजला तेही पाहावे. आतील कड झिजली असेल तर चाकाचा उभा कल बिघडला आहे. पृष्ठभागावर हात फिरवल्यावर एका दिशेने करवतीसारखा खरखरीत लागला तर चाके एकमेकांना समांतर नाहीत.

दुसरी तपासणी भाराची. महिन्यातून एकदा डब्लिनहून तांदळाची, पिठाची पोती आणि डाळी आणणारी आपली कुटुंबे सारे वजन डिकीत भरतात. मागचा भाग दबला की पुढचा हलका होतो, स्टिअरिंग पोकळ वाटते आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जड सामान शक्य तितके मागच्या आसनाला चिकटवून, तळाशी ठेवावे. मागच्या टायरची हवा भाराप्रमाणे वाढवावी. दिव्यांची उंची डॅशबोर्डवरील चक्रीने उतरवावी.

तिसरी तपासणी सांध्यांची. गाडी सपाट जागी जॅकने उचलून खाली भक्कम स्टँड लावावा; केवळ जॅकच्या भरवशावर कधीही राहू नये. उचललेले पुढचे चाक घड्याळातील तीन आणि नऊच्या जागी दोन्ही हातांनी धरून हलवावे. तेथे खटखट जाणवली तर टाय रॉडमध्ये ढिलेपणा असण्याचा संभव अधिक. बारा आणि सहाच्या जागी हलवून जाणवली तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट पाहावा. सावकाश जाताना लहान उंचवट्यावर ठकठक होत असेल तर अँटी-रोल बारची दांडी किंवा रबरी बुश झिजलेले असतात. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने स्प्रिंगा गंजून तुटतात. तुटलेला वेढा बहुधा तळाशी असल्याने सहज दिसत नाही. गाडी एका कोपऱ्यावर खाली बसलेली दिसली तर शंका घ्यावी.

चौथी तपासणी शॉकअपची. गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडावा. तो वर येऊन स्थिरावला तर ठीक. दोन-तीन वेळा डोलला किंवा शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला, तर तो बदलावा. एकाच आसावरील दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एक नवा आणि एक जुना ठेवल्यास गाडी डाव्या व उजव्या वळणांवर निराळी वागते.

हे सारे झाल्यावर चारही चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, आणि आधीच्या व नंतरच्या मापांचा छापील कागद मागावा. आम्ही याच क्रमाने गेलो. टाय रॉडचे टोक, मागचे दोन शॉकअप, मग अलाइनमेंट. गाडी नवी झाली नाही. पण स्टिअरिंग फिरवले की ती वळते, आणि सोडले की सरळ होते. याहून अधिक काही नको होते. येथील तरुणांमध्ये गाडी खाली बसवून स्प्रिंगा कडक करण्याची हौस आहे. पीटवरील रस्त्यावर तसे केल्यास स्प्रिंगेला हालचालीस जागा उरत नाही, चाक रस्ता सोडते. शिवाय असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो.

कॅनडातील आपल्या वाचकांना हाच विचार स्नोमोबाइलवर आढळेल. वळताना पुढच्या स्की बर्फ धरत नसतील, तर मागील पट्ट्याच्या सस्पेन्शनमधील लिमिटर पट्टा थोडा आखूड करतात, म्हणजे स्कींवर भार येतो. फार आखूड केला तर हँडल जड होऊन हात भरून येतात. चाक असो वा स्की, ज्याच्यावर पुरेसा भार आहे तेच दिशा बदलू शकते.

दिशेच्या या प्रश्नावर आयुष्य वेचलेला एक माणूस याच कासलबारचा होता. लुई ब्रेनन यांचा जन्म येथे १८५२ साली झाला. १८६१ मध्ये, नऊ वर्षांचे असताना, ते कुटुंबासह मेलबर्नला गेले. तेथे त्यांनी असा पाणतीर तयार केला, की किनाऱ्यावरील यंत्राने दोन तारा ओढल्या की तो पुढे जाई आणि त्या तारा कमी-अधिक वेगाने ओढल्या की वळे. ब्रिटिश सरकारने त्याचे १ लाख १० हजार पौंड दिले. पुढे त्यांनी एकाच रुळावर चालणारी गाडी बांधली. उलट दिशांना फिरणारे दोन जायरोस्कोप तिचा तोल सांभाळीत, आणि वळणावर ती मोटारीसारखी बाहेर न कलता आत कलत असे. या प्रयोगासाठी लंडनच्या इंडिया ऑफिसने आणि काश्मीर दरबारानेही पैसे दिले होते. नोव्हेंबर १९०९ मध्ये केंटमधील गिलिंगहॅम येथे ती माणसे घेऊन धावली. तरीही तिला गिऱ्हाईक मिळाले नाही. गाडीचा तोल शोधणाऱ्या या माणसाचा शेवट स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे मोटारीच्या धडकेने झाला, १९३२ साली. लंडनमधील त्यांच्या कबरीवर २०१४ पर्यंत नावाचा दगडही नव्हता.

एप्रिल महिन्यात जयंतीसाठी आपल्यापैकी अनेक कुटुंबे पश्चिमेकडून डब्लिनला निघतील. कासलबारहून ते अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, आणि परतीचा प्रवास रात्रीचा असतो. निघण्याच्या आधीच्या रविवारी अर्धा तास काढून टायर, भार, सांधे आणि शॉकअप या चार गोष्टी पाहाव्यात. आणि घरातील जो कोणी रोज गाडी चालवतो तो ‘गाडी वेगळी वागते’ असे म्हणाला, तर त्याच दिवशी ऐकावे. माझ्या पत्नीने आता गाडीत एक वही ठेवली आहे. काही जाणवले की ती त्यात तारीख घालून लिहिते, आणि मी रविवारी ती वाचतो.

सप्रेम जयभीम.