मंद इलेक्ट्रॉन आणि आर्गॉनचा अणू

निष्क्रिय वायूंच्या अणूंवरून इलेक्ट्रॉन कसे विखुरतात याची मोजदाद हा विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटतो. परंतु विसाव्या शतकातील पदार्थविज्ञानाला जी विलक्षण कलाटणी मिळाली, तिच्या पूर्वसूचनांपैकी एक याच मोजदादीच्या दप्तरी, सिद्धांताला तिचा अर्थ लावता येण्यापूर्वी काही वर्षे दाखल झाली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या आकड्यांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन व झेनॉन यांचे अणू एकेकटे वावरतात, आणि त्यांना उत्तेजित करण्यास बरीच ऊर्जा लागते, हेलियमला 19.8 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आर्गॉनला 11.5. या मर्यादेखालचा इलेक्ट्रॉन अणूवर आदळून दिशा बदलतो, पण ऊर्जा जवळजवळ सगळी राखतो. कारण आर्गॉनचा अणू त्याच्या सुमारे 73,000 पट जड असून सरासरीने ऊर्जेच्या 36,000 भागांतला एखादा भागच अणूच्या वाट्यास जातो. यालाच स्थितिस्थापक प्रकीर्णन म्हणतात.

हायडेलबर्गला लेनार्डच्या तालमीत तयार झालेल्या कार्ल रामसाउअरने जस्ताच्या पत्र्यावर जंबुपार प्रकाश टाकून इलेक्ट्रॉन मोकळे केले, चुंबकीय क्षेत्राने त्यांना वर्तुळाकार मार्गावर वळवले आणि त्या मार्गात अरुंद फटी ठेवून एकाच वेगाचे इलेक्ट्रॉन तेवढे पुढे जातील अशी तजवीज केली. वाटेत वायू सोडल्यावर शेवटच्या पेटीत पोचणारा प्रवाह किती घटतो, यावरून एकेक अणू किती क्षेत्र अडवतो, म्हणजे त्याचा काटछेद किती, याचा हिशेब निघतो. इलेक्ट्रॉन जितका मंद तितका अणूचा प्रभाव त्याच्यावर अधिक पडावा, ही तत्कालीन समजूत. 1921 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मात्र नेमका उलट होता. आर्गॉनमध्ये मंद इलेक्ट्रॉनांची अडवणूक वाढण्याऐवजी घटत होती. ऑक्सफर्डला टाउनसेंड व बेली यांनी, वायूतून विद्युत्क्षेत्राच्या ओढीने सरकणाऱ्या इलेक्ट्रॉनसमूहांचा अभ्यास करून, सर्वस्वी निराळ्या मार्गाने हीच ग्वाही दिली. सुमारे 13 इलेक्ट्रॉन-व्होल्टला ऐन भरात असलेला आर्गॉनचा काटछेद 0.3 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास इतका आक्रसतो की तो वायू जणू पारदर्शक व्हावा.

कणांच्या यामिकीत या गोष्टीला जागाच नव्हती. 1925 मध्ये गटिंगेनच्या एकवीस वर्षांच्या वॉल्टर एल्सासरने इलेक्ट्रॉनही तरंगासारखा वागतो या द ब्रॉग्लीच्या कल्पनेचा हा पुरावा असावा असे सुचवले, आणि 1927 मध्ये फाक्सेन व होल्ट्समार्क यांनी त्याचे गणित मांडले. अणूच्या आकर्षणाने इलेक्ट्रॉनाच्या तरंगाची लांबी आत आखडते. त्यामुळे बाहेर पडताना त्याची कला बरोबर पूर्ण अर्धतरंगांच्या पटीत सरकली, तर बाहेरील तरंग जसाच्या तसा दिसतो, आणि वाटेत अणू होता याचा मागमूस उरत नाही. हेलियम व निऑन यांचे आकर्षण क्षीण, म्हणून त्यांत असा नीचांक आढळत नाही; क्रिप्टॉन व झेनॉन यांच्यात तो आढळतो. येणाऱ्या इलेक्ट्रॉनामुळे अणूचा इलेक्ट्रॉनमेघ किंचित विरूप होतो, ही बाब जमेस धरल्यावाचून आर्गॉनचे आकडे जुळत नाहीत, हे होल्ट्समार्कनेच 1929 मध्ये दाखवले. 1931 मध्ये केंब्रिजला बुलार्ड व मॅसी यांनी आर्गॉनपासून वेगवेगळ्या कोनांत विखुरणारे इलेक्ट्रॉन मोजले, तेव्हा विवर्तनात दिसावेत तसे चढउतार प्रत्यक्ष हाती आले.

पुढची अडचण, माझ्या मते, याहून बिकट होती. एका कोनात दुसऱ्यापेक्षा किती पट इलेक्ट्रॉन जातात हे सांगणे सोपे. पण निरपेक्ष आकडा द्यायचा तर वायूच्या झोताची घनता आणि तो व इलेक्ट्रॉनांचा झोत यांचा छेद किती जागा व्यापतो हे ठाऊक हवे, आणि तेच नेमके मोजता येत नाही. शिवाय फारच थोडा वळलेला इलेक्ट्रॉन न वळलेल्यांतच गणला जाण्याचा धोका असतो. 1975 मध्ये पॅसाडेना येथील श्रीवास्तव, चुट्जियन व ट्राजमार यांनी यातून वाट काढली: त्याच उपकरणात, प्रवाहाच्या समतुल्य परिस्थितीत, एकदा हेलियम व एकदा अभीष्ट वायू सोडायचा आणि दोहोंचे गुणोत्तर काढायचे. वजनेमापे तपासणारा अंमलदार दुकानातले वजन सरकारी प्रमाण वजनाशी ताडून पाहतो, तसाच हा प्रकार. प्रमाण म्हणून हेलियमचा मान पुढे पक्का झाला, कारण कॅनबेरात क्रॉम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 मध्ये केलेली समूहमापने आणि 1979 मधले नेस्बेटचे सैद्धांतिक गणित यांचा मेळ अतिशय जवळचा बसला.

तरीही मागच्या बाजूचे कोन बरीच वर्षे अंधारात राहिले, कारण तिथे इलेक्ट्रॉन सोडणारी नळीच आड येई. 1996 मध्ये मँचेस्टरच्या रीड व चॅनिंग यांनी आघातस्थानाभोवती वेटोळ्यांची अशी चुंबकीय रचना केली की आत येणारे आणि विखुरलेले इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या दिशांना वळावेत आणि क्षेत्र बाहेर फारसे पसरू नये. त्यानंतर थेट मागे, 180 अंशांत, परतणारे इलेक्ट्रॉनही मोजता येऊ लागले.