दगडीची उरलेली ट्यूब आणि मुंबईचे चार रुग्ण



म्हशीला दगडी होते, डॉक्टर कोर्स लिहून देतात. दोन दिवसांत कास मऊ पडते आणि उरलेल्या ट्यूबा फडताळात जातात. "बरी झाली की, आता कशाला?" ही सवय किती लांब पोचते, ते मुंबईतल्या एका डॉक्टरांच्या कामावरून बघूया. विषय टीबीचा आहे, पण शेवटी गोठ्यात आणि फवारणीच्या पंपापर्यंत येतो.

डॉ. झरीर उदवाडिया हे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले छातीचे डॉक्टर. 2011 च्या अखेरीस त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीबीच्या चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. या चौघांच्या जंतूंवर प्रयोगशाळेत तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. जगभर खळबळ उडाली. या आजाराला काय नाव द्यायचं यावर सरकारचा आणि डॉक्टरांचा वादही झाला. पण नावापेक्षा महत्त्वाचं होतं ते रुग्णांच्या जुन्या कागदांत. चौघांपैकी तिघे साधारण दीड वर्षात सरासरी चार-चार खासगी डॉक्टरांकडे फिरले होते. प्रत्येक ठिकाणी एखादं नवीन औषध वाढवलं गेलं, तेही बऱ्याचदा चुकीच्या डोसमध्ये.

त्याआधी, 2010 मध्ये, उदवाडिया यांचं आणखी एक काम प्रसिद्ध झालं होतं. मुंबईच्या 106 खासगी डॉक्टरांना त्यांनी टीबीची चिठ्ठी लिहायला सांगितली. 63 वेगवेगळ्या तऱ्हांचे उपचार लिहून आले, आणि बरोबर चिठ्ठी फक्त 6 जणांची होती. म्हणजे दोष एकट्या रुग्णाचा नाही, हे लक्षात घ्या. मे 2012 मध्ये केंद्र सरकारने टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद कळवणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक केलं.

आता हे घडतं कसं? कोबीवर एकच कीटकनाशक सारखं मारलं की काही हंगामांनी अळी मरत नाही. आपण म्हणतो, औषध डुप्लिकेट आलं. दरवेळी तसं नसतं. औषध सोसणाऱ्या थोड्या अळ्या आधीपासूनच असतात. बाकीच्या मरतात, त्या उरतात आणि त्यांचीच पिल्लावळ वाढते. जंतूंचंही तेच. कोट्यवधी जंतूंत एखादं औषध सोसणारे थोडे असतातच, म्हणून टीबीला तीन-चार औषधं एकदम देतात. एकातून सुटलेला दुसऱ्याने मरतो. पण लागू न पडणाऱ्या उपचारात एकेकच औषध वाढवत गेलं, तर जंतू एकेक औषध पचवत जातो. कोर्स मधेच सोडला तर उरलेले चिवट जंतू पुन्हा वाढतात, आणि खोकल्यातून तेच घरच्यांना लागतात.

आता आपल्याकडचं. काही भाजीपाला उत्पादक करप्याच्या प्रत्येक फवारणीत चिमूटभर स्ट्रेप्टोसायक्लिन टाकतात. त्यातलं मुख्य औषध स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे 1943 मध्ये मातीतल्या जंतूपासून मिळालेलं, टीबीवर चाललेलं पहिलं औषध! बुरशीच्या करप्यावर किंवा मोझॅकवर त्याचा काडीचा उपयोग नाही, ते फक्त जिवाणूंवर चालतं. शेतीतला त्याचा वापर बंद करण्याचा मसुदा केंद्राने डिसेंबर 2021 मध्येच काढला होता. कंपनीच्या कृषी सल्लागाराला विचारल्याशिवाय ते पंपात टाकू नका.

पोल्ट्रीवाल्यांनी जुनी पाकिटं तपासावीत. खाद्यातलं किंवा पाण्यातलं कोलिस्टिन जुलै 2019 पासून बंद आहे. माणसाला दुसरं काही चालेनासं झालं की डॉक्टर ते शेवटी वापरतात, म्हणून ही बंदी.

आणि दगडी. ट्यूब डॉक्टरांनी सांगितल्या तितके दिवस पूर्ण द्या. शेजाऱ्याकडची उरलेली ट्यूब आपल्या जनावराला नको, जमलं तर आधी दुधाची तपासणी करून घ्या. उपचार चालू असताना आणि नंतर लेबलवर लिहिलेल्या दिवसांपर्यंतचं दूध डेअरीला घालू नका, वासरालाही पाजू नका. उकळलं तरी बहुतेक प्रतिजैविकं त्यातून पूर्ण जात नाहीत. अशा दुधाचं दही नीट लागत नाही, हे घरातल्या बायकांना विचारा. विरजणाचे जंतूच त्यात मरतात. दोन-चार दिवसांच्या दुधाचं नुकसान होतं हे खरं, पण त्या दुधातून औषध कुणाच्या तरी घरातल्या लेकरापर्यंत जातं.

घरात कुणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधं मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत खात्यावर दरमहा 1000 रुपये मिळतात. मधेच ऊसतोडीला किंवा मुंबई-पुण्याला जायचं असेल तर आधी केंद्रात सांगा, औषधं तिकडच्या केंद्रातून चालू ठेवता येतात.

टीबी हेल्पलाइन: 1800-11-6666
जनावरांच्या डॉक्टरांसाठी: 1962