संगणकाची झोप आणि विजेचे बिल

आपल्या अनेक घरांत संगणक आता धंद्याचे साधन झाला आहे. कुणी त्यावर दुकानाचा हिशेब ठेवतो, कुणी जरीकामाचे नमुने काढतो. जोहरच्या नमाजला, जेवणाला किंवा वसुलीला उठताना मात्र तो तसाच चालू राहतो. बंद केला तर सारे काम पुन्हा उघडावे लागेल, हे त्यामागचे कारण.

याचा हिशेब मांडू. संगणक व पडदा मिळून १०० वॅट वीज घेतात असे धरू. रोज ४ तास रिकामा चालला तर ०.४ युनिट, महिन्याच्या २५ दिवसांत १० युनिट, वर्षात १२० युनिट. आपल्या बिलातील दराने गुणले की फुकट जाणारी रक्कम कळते. स्क्रीन सेव्हरने ही वीज वाचत नाही, कारण पडदा उजळलेलाच राहतो.

उपाय संगणकातच आहेत. 'स्लीप'मध्ये उघडे काम मेमरीत राहते व ती जागी ठेवण्यापुरती थोडी वीज लागते. काम लगेच पुढे सुरू होते. पण डेस्कटॉपची वीज गेली तर न साठवलेले काम जाते. 'हायबरनेट'मध्ये तेच काम हार्ड डिस्कवर लिहिले जाते व यंत्र बंद होते. मग भिंतीवरचे बटण बंद केले तरी चालते. पुन्हा सुरू करायला थोडा जास्त वेळ लागतो, पण काम जिथे सोडले तिथेच सापडते. भारनियमनाच्या गावी हीच सोय भरवशाची.

विंडोजमध्ये हायबरनेट बहुधा लपलेले असते. कंट्रोल पॅनेलमधील 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जाऊन पॉवर बटणाची सेटिंग उघडावी व हायबरनेटपुढे खूण करावी. तेथेच पडदा ५ मिनिटांनी व संगणक १५ मिनिटांनी आपोआप झोपेल अशी वेळ लावता येते.

आमची सूचना अशी : नमाजपुरते उठताना स्लीप, दुपारभर किंवा रात्री हायबरनेट. दोन्ही वेळा फाइल आधी साठवावी, आणि यंत्र पूर्ण थांबल्याशिवाय भिंतीवरचे बटण बंद करू नये.

इसराफ केवळ दस्तरखानावरच होतो असे नाही. रिकाम्या खोलीत जळणारी वीजही त्यातच मोडते. ती वाचवली तर बरकत आपल्याच गल्ल्यात राहील.