अम्लपित्ताचा जंतू आणि पक्वाशयातील अंकुर

राजुरा परिसरातील वैद्यबंधूंकडे अम्लपित्ताचे रुग्ण नित्य येतात. त्यांपैकी अनेकांच्या आमाशयात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. १९९४ मध्ये तो आमाशयाच्या कर्करोगाचे कारण म्हणून मान्य झाला. अशा रुग्णांत मोठ्या आतड्यातील अंकुर, म्हणजे पॉलिप, काहीसे अधिक आढळतात. गॅस्ट्रिन वाढल्याने असे होत असावे, हा तर्क. कार्यकारणभाव सिद्ध नाही. तेव्हा केवळ अम्लपित्तावरून कोलोनोस्कोपी सुचवू नये.

मलातून रक्त जाणाऱ्या प्रौढास मात्र निव्वळ अर्शकुठार देत राहणे धोक्याचे आहे. गुदपरीक्षणात अर्श दिसले, तरी वरच्या भागातील अंकुर त्यामुळे नाकारता येत नाही. अंकुराचे अर्बुद होण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात. तोवर तो दुर्बिणीतूनच काढता येतो. रुग्ण ‘कापूसवेचणी आटोपल्यावर जातो’ म्हणेल. त्याच दिवशी चिठ्ठी देऊन नागपूरला पाठवावे.