सावनदुर्ग : चढण सोपी, उतरण अवघड

बंगळुरूच्या दक्षिण भागातील जयनगर या १९४८ साली वसविण्यात आलेल्या वसाहतीपासून मागडीनजीकचा सावनदुर्ग सुमारे ६० किलोमीटर अंतरावर आहे. पहाटे निघून संध्याकाळी घरी परतता येत असल्याने हौशी गिर्यारोहकांची तेथे वर्दळ असते. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून १,२२६ मीटर आहे. परंतु बंगळुरूचे पठारच ९०० मीटरच्या आसपास असल्याने प्रत्यक्ष चढण जेमतेम ३०० मीटरची उरते. सह्याद्रीतील गड पालथे घालणाऱ्या मराठी माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. फसगत होते ती नेमकी येथेच.

सह्याद्री बेसाल्टचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचल्याने त्याच्या अंगावर टप्पे पडले. तेथे कडा कोठे संपतो आणि माची कोठे लागते, हे डोळ्यांना दिसते. सावनदुर्ग मात्र ग्रॅनाइटचा अखंड घुमट आहे. क्लोजपेट ग्रॅनाइट या नावाने भूवैज्ञानिकांना परिचित असलेल्या सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या पट्ट्यात तो मोडतो. क्लोजपेट हे जवळच्या रामनगरचे ब्रिटिशकालीन नाव. वरील खडकाची झीज होऊन भार कमी झाला, की असा ग्रॅनाइट कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत जातो आणि मागे गोल, गुळगुळीत पाठ उरते.

या गोलाईमुळे माथ्यावर उभे राहणाऱ्यास खालचा तीव्र उतार दिसत नाही. पहिली शंभर पावले सौम्य असतात. पुढे प्रत्येक पावलागणिक उतार वाढत जातो आणि परतणे कठीण आहे हे लक्षात येईपर्यंत पायाखाली कातळाखेरीज काही उरत नाही. म्हणून एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरण्याचा, म्हणजे वर्तुळ पूर्ण करण्याचा, मोह येथे घातक ठरू शकतो. पावसात तर शेवाळलेल्या कातळावर बूटही टिकत नाहीत.

हीच अडचण एकेकाळी किल्ल्याचे बळ मानली जात असे. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या आदिलशाही फौजेने बंगळूर घेतले. पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि केंपेगौडांच्या घराण्याने मागडीचा आश्रय घेतला. सावनदुर्ग १७२८ पर्यंत त्यांच्याकडे होता. त्या वर्षी तो म्हैसूरकरांनी जिंकला. टिपूच्या काळात भोवतालचे बांबूचे दाट रान आणि तेथील रोगट हवा हीच तटबंदी समजली जाई. मराठे ज्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने होते, त्या तिसऱ्या म्हैसूर युद्धात, डिसेंबर १७९१ मध्ये, कॉर्नवॉलिसच्या सैन्याने तोफा लावून तो सर केला. करीगुड्ड आणि बिळीगुड्ड, म्हणजे काळा व पांढरा डोंगर, या दोन शिखरांमधील खोल दरीमुळे प्रत्येक शिखर स्वतंत्रपणे लढविता येईल अशी रचना होती. ती प्रत्यक्षात कामी आली नाही.

आज ते रान पूर्वीइतके दाट राहिलेले नाही. तरीही दरीतील काटेरी झुडुपांत वाट चुकणाऱ्यास दिशा सापडत नाही. या टापूत बिबट्या व अस्वलांचाही वावर आहे. पायथ्याच्या वीरभद्रस्वामी मंदिराजवळून निघणारी, जुन्या तटाच्या अवशेषांतून माथ्यावरील नंदीमंडपाकडे जाणारी वाटच चढण्यास व उतरण्यास वापरावी. वर्तुळाकार भटकंतीच करावयाची असल्यास ती पायथ्याच्या रस्त्याने व गावांतून करता येते.

जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण कर्नाटकातील कुमारपर्वतावर प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीत प्रचंड गर्दी उसळल्यानंतर राज्य सरकारने ऑनलाइन नोंदणी नसलेल्या वनमार्गांवरील पदभ्रमण काही काळ थांबविले होते. त्यामुळे निघण्यापूर्वी वनविभागाचे त्या वेळचे नियम पाहणे आवश्यक ठरते. पाणी प्रत्येकी किमान दोन-तीन लिटर न्यावे. कातळावर सावली जवळजवळ नाही आणि दहानंतर तो तापू लागतो, तेव्हा माथ्यावरून परतीला त्याआधी लागलेले बरे.