फुटबॉलमधील पूर्वतयारी आणि अंमलबजावणी

फुटबॉल सामन्याचा निकाल प्रामुख्याने दोन घटकांवर अवलंबून असतो. पहिला घटक पूर्वतयारी हा होय. संघनिवड, सराव, व्यूहरचना आणि प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास यांचा तीत समावेश होतो व तिची जबाबदारी प्रशिक्षकावर असते. दुसरा घटक म्हणजे प्रत्यक्ष मैदानावर खेळाडूंनी केलेली अंमलबजावणी. यांपैकी अधिक निर्णायक कोणता, हा फुटबॉलमधील जुना वाद आहे. गोवा आणि मुंबई येथील संघांच्या अलीकडील कामगिरीवरून असे दिसते की, दीर्घ साखळी स्पर्धेत पूर्वतयारीचा प्रभाव ठळकपणे जाणवतो, तर एकाच सामन्यात क्षणाची चूक किंवा क्षणाचे कौशल्य निकाल फिरवू शकते.

खेळाचे स्वरूप

कबड्डी व व्हॉलीबॉल या खेळांत प्रशिक्षकाला विश्रांतिकाळ मागून खेळाडूंशी बोलता येते. फुटबॉलमध्ये तशी सोय नाही. प्रत्येकी ४५ मिनिटांच्या दोन डावांत खेळ जवळजवळ अखंड चालतो. त्यामुळे मध्यंतर, बदली खेळाडू आणि सीमारेषेबाहेरून दिलेल्या सूचना एवढीच साधने प्रशिक्षकाच्या हाती उरतात. चेंडू पायाशी आल्यावर निर्णय खेळाडूलाच घ्यावा लागतो. शिवाय या खेळात गोल थोडे होतात. बास्केटबॉलमध्ये एक चूक पुढील अनेक गुणांत भरून निघते, परंतु फुटबॉलमध्ये तीच चूक सामना घालवू शकते.

रहीम आणि १९६२ची आशियाई क्रीडास्पर्धा

सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ व १९६२ या वर्षी आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकावले. १९६२ साली जकार्ता येथे भारत गटातील सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०–२ असा पराभूत झाला होता. पुढे बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला दुखापत झाली. रहीम यांनी त्यांना न वगळता आघाडीच्या फळीत खेळवले. अंतिम सामन्यात भारताने त्याच दक्षिण कोरियाला २–१ असे हरवले. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी हे गोल केले. बचावपटूला आघाडीवर पाठवण्याची कल्पना प्रशिक्षकाची होती, पण जखमी अवस्थेत गोल करणे हे खेळाडूचेच काम होते.

एफसी गोवा

स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी २०१७ साली एफसी गोवा संघाची सूत्रे हाती घेतली. चेंडू अधिकाधिक काळ आपल्याकडे राखायचा, गोलरक्षकापासून छोट्या पासांनी चढाई उभारायची, ही त्यांची पद्धत होती. २०१८-१९च्या इंडियन सुपर लीगमध्ये गोव्याने अंतिम फेरी गाठली. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत झालेल्या या सामन्यात निर्धारित वेळेत गोल झाला नाही. अतिरिक्त वेळेत गोव्याच्या अहमद जाहूह यांना लाल कार्ड मिळाले आणि ११७व्या मिनिटाला कॉर्नर किकवर राहुल भेके यांनी डोक्याने केलेल्या गोलामुळे बंगळूरू एफसी विजयी झाला.

पुढील हंगामात जानेवारी २०२०च्या अखेरीस लोबेरा संघापासून वेगळे झाले व क्लिफर्ड मिरांडा यांनी हंगामी जबाबदारी सांभाळली. प्रशिक्षक बदलूनही गोव्याने साखळी फेरीत अव्वल स्थान मिळवले आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीसाठी पात्र ठरणारा तो पहिला भारतीय संघ झाला. दीर्घ सरावाने अंगी बाणलेली पद्धत प्रशिक्षक गेल्यावरही टिकते, हे यातून दिसून आले. मात्र त्यानंतरच्या उपांत्य फेरीत चेन्नईयिन एफसीने दोन सामन्यांत मिळून ६–५ अशा गोलफरकाने गोव्याला स्पर्धेबाहेर काढले.

मुंबई सिटी

२०२० साली लोबेरा मुंबई सिटीचे प्रशिक्षक झाले. जाहूह, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमूस आणि मंदार राव देसाई हे गोव्यातील खेळाडूही या संघात आले. पद्धत आणि ती जाणणारे खेळाडू असे दोन्ही एकत्र आल्यामुळे संघ लवकर बसला. २० सामन्यांच्या साखळीअखेर मुंबई सिटी व एटीके मोहन बागान यांचे प्रत्येकी ४० गुण झाले. परस्परांतील सामन्यांच्या निकालावर मुंबई अव्वल ठरली.

१३ मार्च २०२१ रोजी मडगावजवळील फातोर्डा येथे हेच दोन संघ अंतिम सामन्यात भिडले. मागून चढाई उभारण्याच्या प्रयत्नात जाहूह यांनी चेंडू गमावला आणि १८व्या मिनिटाला डेव्हिड विल्यम्स यांनी गोल केला. पुढे जाहूह यांच्याच लांब पासावर तिरी यांच्याकडून स्वयंगोल झाला व बरोबरी झाली. ९०व्या मिनिटाला प्रतिस्पर्धी बचावफळी आणि गोलरक्षक यांच्या गोंधळाचा लाभ घेत बार्थोलोम्यू ओगबेचे यांनी चेंडू पुढे दिला व बिपिनसिंग यांनी विजयी गोल केला. साखळीतील यश संघाच्या बांधणीचे होते. अंतिम सामना मात्र चुका आणि त्यांचा फायदा घेण्याची तत्परता यांवर ठरला.

पेनल्टी

पेनल्टीच्या प्रसंगी दोन्ही घटक एकत्र येतात. २००६च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध जर्मनीचे गोलरक्षक येन्स लेमान यांच्याजवळ प्रतिस्पर्धी खेळाडूंच्या सवयी लिहिलेली चिठ्ठी होती. २०१४ साली नेदरलँड्सचे प्रशिक्षक लुई व्हान गाल यांनी कोस्टारिकाविरुद्ध अतिरिक्त वेळेच्या अखेरीस गोलरक्षक बदलून टिम क्रुल यांना उतरवले आणि क्रुल यांनी दोन पेनल्टी अडवल्या. तयारीमुळे झेप कोणत्या दिशेला घ्यावी याचा अंदाज येतो, पण ती योग्य क्षणी घेणे गोलरक्षकालाच साधावे लागते.

मूल्यमापन

एका पराभवावरून प्रशिक्षकाला दोषी ठरवणे किंवा एका चुकीवरून खेळाडूची योग्यता ठरवणे, दोन्ही अपुरे आहे. संघाला गोलच्या संधी नियमितपणे मिळतात का, यावरून तयारीचा दर्जा कळतो. त्या संधींचे गोलात रूपांतर होते का, यावरून अंमलबजावणीचा दर्जा कळतो. संधी मिळत असूनही हरणाऱ्या संघाला नव्या पद्धतीपेक्षा गोल करण्याच्या सरावाची अधिक गरज असते. संधीच न मिळणाऱ्या संघाला व्यूहरचनेचा फेरविचार करावा लागतो. शालेय वा जिल्हा पातळीवरील संघांनाही हाच निकष लागू पडतो.