सालभराचा मसाला एकदाच कुटा!

उन्हाळा लागला की अमरावती-अकोल्यात घरोघरी सालभराचं तिखट-मसाला तयार होतो. रोज वांग्याची भाजी टाकताना कोणी नव्याने कुटत बसत नाही. बरणीतून चमचाभर घेतलं, झालं! मग दोस्तहो, कोड लिहितानाच आपण काहून रोज कुटत बसतो?

पुण्यात आयटीत नोकरी लागली, की 'पेगा'सारखा नियमांवर चालणारा प्लॅटफॉर्म वाट्याला येऊ शकतो. इथे 'असं असेल तर तसं कर' असे छोटे छोटे नियम मांडायचे असतात. सोपं वाटतं, पण एकच हिशेब दहा नियमांत कॉपी-पेस्ट केला, की घोळ सुरू.

आपल्याच पऱ्हाटीचं उदाहरण घ्या. राज्यात २००९-१० पासून 'क्रॉपसॅप' प्रकल्पात पिकांवरच्या किडींच्या नोंदी घेऊन शेतकऱ्यांना सल्ला दिला जातो. गुलाबी बोंडअळीसाठी एक खूण अशी : कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री, दर रात्री आठ किंवा जास्त पतंग सापडले, की उपाय करायची वेळ आली. समजा, हा नियम तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये मांडताय. तीन रात्रींचे आकडे आले १४, २ आणि ९. एकाने सरासरी काढली : ८.३३, म्हणजे 'फवारा'! दुसऱ्याने प्रत्येक रात्र तपासली : मधल्या रात्री दोनच, म्हणजे 'थांबा'. एकाच शेताला दोन सल्ले. फुकटच्या फवारणीचा खर्च मात्र बापाच्या खिशातून!

यावर उपाय म्हणजे लायब्ररी. पेगामध्ये हा हिशेब जावात एकदाच फंक्शन म्हणून लिहायचा आणि लायब्ररीत ठेवायचा. तीन आकडे आत, 'हो' किंवा 'नाही' बाहेर. मग शेतकऱ्याला जाणारा मेसेज असो की अधिकाऱ्याचा अहवाल, सगळे नियम त्याच फंक्शनला हाक मारतील. उद्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने शिफारस बदलली, तरी दुरुस्ती एकाच जागी.

मात्र काही पथ्यं पाळा :

- आधी तयार फंक्शन शोधा. तारीख, मजकूर यांची बरीच कामं प्लॅटफॉर्ममध्ये आधीच असतात.
- एका फंक्शनला एकच काम द्या. नाव असं ठेवा, की वाचताच काम कळावं.
- ७, ८, ९ असे काठावरचे आकडे टाकून बघा. एखाद्या रात्रीची नोंदच नसेल तर काय, हेही आधीच ठरवा.
- बदल केला की लायब्ररी पुन्हा जनरेट करायला विसरू नका.
- जुनी आवृत्ती लॉक करून बदल नव्या आवृत्तीत करा. बरणीत मीठ जास्त पडलं, तर सगळ्याच भाज्या खारट होतात ना!

पेगा मिळो की दुसरं काही, ही सवय कॉलेजच्या प्रोजेक्टपासूनच लावून घ्या. आज रात्री आपला जुना कोड उघडा आणि तोच हिशेब किती ठिकाणी लिहिलाय, ते मोजा. तीनच्या वर निघाला, तर बरणी काढायची वेळ झाली समजा!